चुकांची रांग

सकाळी आल्याबरोबर नॉबरावांनी मीटरचं बटण दाबलं, तर मीटर नुसतं 'टुक्' म्हणालं. बाकी काही केलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात 'रिमोट' अशी बारीक अक्षरं उजळली होती, म्हणजे मीटर दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होतं आणि बोटाचं ऐकायला त्याला सवड नव्हती. दुसरं कोण, हे नॉबरावांना विचारावं लागलं नाही. ते गृहस्थ पलीकडच्या खोलीत, काचेच्या दाराआड, खुर्चीवर मांडी घालून बसले होते आणि नात्यानं नॉबरावांचे साडू लागत होते.

लॅबमध्ये चार्जर आणि अडॅप्टर तपासायला येत. विकायला काढण्याआधी ते तापतात का, दमतात का, खोटं बोलतात का, हे बघायचं काम. त्यासाठी एका लांब टेबलावर तीन यंत्रं मांडलेली: वीज देणारा सप्लाय, वीज मोजणारं मीटर आणि वीज खाणारी पेटी, जिला सगळे लोड म्हणत. लोडला पोट नव्हतं पण भूक होती. सांगाल तितका करंट तो अडॅप्टरमधून ओढून घ्यायचा आणि गरम हवा मागच्या जाळीतून सोडायचा. या तिघांचे नॉब पिरगाळण्यात आमच्या माणसाची उमेदीची वर्षं गेली होती, म्हणून नाव नॉबराव. मीटरच्या एका बटणावरचा आकडा त्यांच्या अंगठ्यानं झिजून गेला होता. नव्या माणसाला ते बटण कोरं दिसे. नॉबरावांना त्याचा अभिमान होता.

साडूंना लॅबमध्ये आणलं तेही नॉबरावांनीच. सासरे म्हणाले होते, "जावईबापू, धाकट्यांसाठी कुठं शब्द टाकता आला तर बघा." आपल्या शब्दाला लॅबमध्ये काडीची किंमत नाही, या भरवशावर नॉबरावांनी तो टाकला. आठवड्याभरात साडू रुजू.

साडू कशालाच हात लावत नसत. ते आपल्या खोलीतून तारेवरून एक ओळ पाठवायचे, व्होल्ट, पुढे आकडा, आणि सप्लाय निमूटपणे तेवढ्यावर जाऊन उभा राहायचा. ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की तो हुकूम न राहता चौकशी होई आणि यंत्र उलट उत्तर देई. शब्द पूर्ण लिहा नाहीतर ठरवून दिलेलं आखूड रूप लिहा. मधलंच काही अर्धवट लिहिलं तर यंत्र ओळख दाखवत नसे. सासुरवाडीतही हाच कायदा होता. एकतर 'जावईबापू', नाहीतर 'अहो, ऐकलं का'. मधलं काही नाही.

पूर्वी सासूबाईंनी 'जावईबापू' अशी हाक मारली की नॉबराव 'आलो' म्हणत उठत. हल्ली दोन माना वळत, आणि सासूबाईंची नजर दुसऱ्या मानेवर असे. रविवारी जेवताना त्या साडूंना विचारत, की हात न लावता यंत्र चालतं ते कसं, आणि साडू कोशिंबिरीच्या वाटीकडे बघून म्हणत, "आता हिला मी 'इकडे ये' असं लिहून पाठवलं, की ही येईल." वाटी आली नाही. पण सासरे इतके हसले की त्यांनी स्वतः उचलून ती साडूंपुढे ठेवली. नॉबरावांनी ती वाटी अख्खं जेवण होईपर्यंत मागितली नाही. मागितली असती तर 'तुम्हीही लिहून पाठवा' असं कुणीतरी म्हणालं असतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण साडू मनानं चांगले होते, आणि त्याला नॉबरावांकडे औषध नव्हतं. यंत्राच्या पडद्यावर हवा तो मजकूर झळकवण्याचाही एक हुकूम असतो. साडूंनी एके सकाळी मीटरच्या पडद्यावर थोरल्या साडूंसाठी 'गुड मॉर्निंग दादा' असं लिहून पाठवलं. पडदा लहान. 'गुड मॉर्निंग' एवढंच मावलं, 'दादा' बाहेर राहिला. नॉबरावांनी ते मनाला लावून घेतलं.

मग लॅबच्या मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. झोपेत घोरणाऱ्यांच्या नाकाला रात्रभर हवा पुरवणारं एक यंत्र असतं, त्याचा अडॅप्टर तपासायला आला होता. सलग तीन दिवस तो लोडला जोडून ठेवायचा. मॅडम म्हणाल्या की ही चाचणी साडूंच्या प्रोग्रॅमवर, माणसाचा हात न लागता होऊ द्या. नीट पार पडली तर साडूंना कायम करू आणि टेबल त्यांच्याकडे देऊ. नॉबरावांचं काय, हा प्रश्न नॉबरावांनीच विचारला. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला सामावून घेऊ ना." सामावून घेणं म्हणजे काय ते लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मागं ज्यांना सामावून घेतलं ते पॅकिंग विभागात खोक्यांना चिकटपट्टी लावत होते.

त्या दिवसापासून नॉबराव साडूंची चूक शोधायला लागले. चूक सापडायची तर साडूंची भाषा यायला हवी. लोडचं माहितीपुस्तक कुठं आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं, कारण टेबल डगमगू नये म्हणून एका पायाखाली ते त्यांनीच सारलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टेबल उचलून ते काढलं. दुपारी साडू येऊन म्हणाले, "दादा, टेबल हलतंय का?" नॉबराव म्हणाले की जमीन हलत असेल.

पुस्तक त्यांनी घरी नेलं आणि वर्तमानपत्रात धरून वाचलं. बायकोला वाटलं, नवरा जगाची काळजी करायला लागला. दोन संध्याकाळींत हुकूम कसा लिहायचा हे नॉबरावांना जमलं. मधली काही पानं वर्षानुवर्षं टेबलाचं ओझं सोसून एकमेकांना चिकटली होती, ती त्यांनी सोडवली नाहीत. शत्रूची भाषा कामापुरती शिकावी, असं त्यांचं मत होतं.

स्टोअरमध्ये लेबलं छापायचा एक जुना कॉम्प्युटर होता. तो लॅबच्याच तारेवर होता, म्हणजे तिथून लोडला ओळ पाठवता येत होती. चाचणीच्या पहिल्या दिवशी नॉबरावांनी तिथून लोडला पहिला प्रश्न पाठवला, तू कोण, हा. या भाषेतला तो सगळ्यात सभ्य प्रश्न. लोडनं तत्काळ आपल्या कंपनीचं नाव, मॉडेल आणि जन्मक्रमांक सांगितला. इतकी वर्षं शेजारी राहून नॉबरावांना हा क्रमांक माहीत नव्हता. साडूंना पहिल्याच दिवशी कळला असणार. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाठ केली आणि थोडा वेळ लेबलांच्या गठ्ठ्यावर बसून राहिले.

आता चुकांबद्दल. ही यंत्रं आपली चूक ओरडून सांगत नाहीत. काही बिघडलं की 'टुक्' करतात, पडद्यावर 'एरर' असं बारीक उजळवतात, आणि काय बिघडलं ते मनात एका रांगेत लावून ठेवतात. कुणी विचारलं तर रांगेतली पहिली चूक सांगतात. रांग रिकामी असेल तर 'नो एरर' म्हणतात. साडूंचा प्रोग्रॅम दर तासाला लोडला हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर साठवून ठेवायचा. नॉबराव त्याच्या जरा आधी विचारायचे. साडूंचं पाप साडूंच्या आधी आपल्याला दिसावं, एवढीच इच्छा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिसलं. लोड म्हणाला, 'इनपुट व्होल्टेज मर्यादेखाली'. म्हणजे अडॅप्टरनं मधेच डोळे मिटले होते आणि लगेच उघडले होते. मीटर थोड्याथोड्या वेळानं डोकावून आकडा घ्यायचं, त्या दोन डोकावण्यांच्या मधलं ते होतं. नॉबरावांना इतका आनंद झाला की तो पुन्हा एकदा घ्यावा म्हणून त्यांनी तोच प्रश्न परत पाठवला.

'नो एरर', लोड म्हणाला.

नॉबरावांनी तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं. लोड आपल्या म्हणण्यावर ठाम. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत साडूंच्या प्रोग्रॅमनं विचारलं, आणि त्यालाही लोडनं तेच सांगितलं. स्टोअरमधून डोकावल्यावर काचेतून दिसलं, साडूंनी मान डोलावली आणि चहाचा कप उचलला.

घरी गेल्यावर नॉबरावांनी ती चिकटलेली पानं वाफेवर धरून सोडवली. पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक लिहिलं होतं: एकदा सांगितलेली चूक रांगेतून काढून टाकली जाते.

साडूंना पाण्यात पाहता पाहता नॉबरावांनी साडूंना न्हाऊमाखू घालून स्वच्छ करून सोडलं होतं.

तिसऱ्या दिवशी चाचणी संपली. साडूंच्या अहवालात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही चूक नव्हती. मॅडमनी तो सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, लॅबमध्ये इतका निष्कलंक कागद त्यांनी आजवर पाहिला नाही. नॉबरावांना वाटलं, ओरडून सांगावं की तो निष्कलंक मी केलाय. प्रमाणपत्रावर दुसऱ्या दिवशी सही व्हायची होती. मेहुणीनं फोन करून बहिणीला कळवलं, सासऱ्यांनी फोन करून सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि नॉबरावांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. ते खरं निघालं.

बायकोनं लिंबूपाणी केलं, समोर बसली आणि म्हणाली, "आता सांगा."

नॉबरावांनी स्टोअरपासून वाफेपर्यंत सगळं सांगितलं. तिला हसू येत होतं, ते तिनं पदरात नाही तर लिंबूपाण्यात लपवलं, कारण ते तीच पिऊन टाकत होती.

"म्हणजे त्यांची चूक तुम्ही पुसलीत."

"त्यांची कुठली. अडॅप्टरची. त्यांना ती पकडता आली असती. पकडली असती तर अडॅप्टर नापास, आणि कौतुक पुन्हा त्यांचंच. मी ती पकडली, म्हणून अडॅप्टर पास, आणि कौतुक त्यांचंच."

"अहो," ती म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती. "तो अडॅप्टर कुणाच्या तरी नाकाला लागणार ना?"

नॉबराव तिथवर पोचलेच नव्हते. साडूंपर्यंत जाऊनच त्यांची गाडी थांबत होती. घोरणारा कुणीतरी अनोळखी माणूस, त्याच्या नाकावरची ती नळी, आणि हवा मधेच बंद, हे त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांपुढे आणलं. त्या माणसाला त्यांनी सासऱ्यांचा चेहरा दिला, कारण घोरणारा दुसरा माणूस त्यांच्या ओळखीत नव्हता.

सकाळी ते मॅडमच्या केबिनमध्ये गेले. सदसद्विवेक सोबत होता, पण त्याच्या दोन पावलं पुढे मत्सर चालत होता. खरं सांगायचं तर त्या निष्कलंक कागदावर साडूंचं नाव त्यांना बघवत नव्हतं, आणि तो कागद फाडायचा दुसरा कुठला मार्ग उरला नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. साडूंनाही बोलावून घेतलेलं होतं. ते दाराशी उभे राहून ऐकत होते.

मॅडमनी विचारलं की पुरावा काय. पुरावा रांगेत होता आणि रांग नॉबरावांनी खाल्ली होती. स्टोअरच्या कॉम्प्युटरवरची खिडकी, जिच्यात लोडचं उत्तर होतं, ती त्यांनी त्याच दिवशी घाबरून बंद केली होती. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला यांचं बरं झालेलं बघवत नाही, हे कँटीनवाल्यालाही माहीत आहे. आता तुम्ही म्हणता, चूक होती, फक्त तुम्ही पाहिली, आणि पाहिली म्हणून नाहीशी झाली. हे मी कुणाला सांगू?"

उत्तर दिलं साडूंनी. ते म्हणाले की चाचणी पुन्हा लावू. मॅडमनी आढेवेढे घेतले, मग मान्य केलं, पण अट घातली. नॉबरावांनी कुठल्याही बटणाला, तारेला, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. चूक पुन्हा दिसली तर त्यांचा शब्द खरा. नाही दिसली तर खोटं बोलून चांगला माल अडवल्याबद्दल थेट पॅकिंग.

बाहेर आल्यावर साडू हळूच म्हणाले, "दादा, चुका बघायच्या होत्या तर मला सांगायचं ना. मीच दाखवल्या असत्या. माझ्याकडे पुष्कळ आहेत."

एखाद्या माणसाला इतकं चांगलं असायचा काय अधिकार आहे, असं नॉबरावांच्या मनात आलं.

चाचणी पुन्हा सुरू झाली. नॉबराव टेबलासमोर स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे कुणी आळ घेऊ नये. एवढी वर्षं ज्या यंत्रांना ते चालवत आले त्यांच्याकडे आता फक्त बघायचं होतं, लग्नघरात नावडत्या काकाला बसवतात तसं. आणि बघता बघता त्यांना एक गोष्ट उमगली, आणि त्यांनी हात मांड्यांखाली आणखी दाबले. या खेपेला चूक आली, तर ती साडूंचा प्रोग्रॅम विचारणार. विचारली की रांगेतून गेली. मग ती फक्त साडूंपाशी. साडूंनी काही केलं नाही, नुसते गप्प बसले, एक ओळ खोडली, तर अडॅप्टर पास, साडू कायम, टेबल साडूंचं, नॉबराव चिकटपट्टीला. साडूंच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे नॉबरावांनी मनाशी विचारून पाहिलं. उत्तर लगेच आलं. तेव्हापासून त्यांना जास्तच भीती वाटायला लागली.

त्यांनी जन्मात पहिल्यांदा साडूंचा प्रोग्रॅम नीट चालावा म्हणून मनोमन विनवणी केली. कुणाला केली ते त्यांना सांगता आलं नसतं. बहुधा लोडलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गरम प्लॅस्टिकचा वास यायला लागला. लोड 'टुक्' म्हणाला. पडद्याच्या कोपऱ्यात 'एरर' उजळलं. आकडे क्षणात जागेवर आले, पण ती अक्षरं तशीच राहिली. नॉबरावांनी आजूबाजूला बघितलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ओरडावं तर 'हात लावला असेल' म्हणतील, म्हणून ते तोंडही मांड्यांखाली घालता आलं तर बरं अशा बेतानं बसून राहिले.

मग ती अक्षरं मालवली. म्हणजे पलीकडे प्रश्न विचारून झाला. उत्तर आता साडूंकडे होतं, जगात एकट्या साडूंकडे.

काचेतून साडूंची मान दिसत होती. ती हलत नव्हती. साडू स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी पाय खुर्चीवरून खाली सोडले. चप्पल शोधली. एक सापडली, दुसरी सापडेना. नॉबरावांना वाटलं, माणूस मोहात पडला की असाच चप्पल शोधत असेल. मग साडू एकाच चपलेनं उठले आणि मॅडमच्या केबिनकडे गेले, आणि मॅडमना, शिवाय वाटेत भेटलेल्या कँटीनवाल्याला घेऊन आपल्या खोलीत आले. दार उघडं होतं. स्क्रीनवरून त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"इनपुट व्होल्टेज मर्यादेखाली. दादा म्हणाले होते, अक्षर न् अक्षर तसंच."

अडॅप्टर नापास झाला आणि कंपनीकडे परत गेला. मॅडमनी नॉबरावांचा शब्द सगळ्यांसमोर खरा ठरवला, पॅकिंगचा विषय काढून टाकला, टेबल दोघांच्या नावावर केलं. साडूंनाही कायम केलं, कारण प्रोग्रॅमनं शेवटी चूक पकडलीच, आणि पकडलेली चूक स्वतःहून उजेडात आणणारा माणूस त्यांना हवाच होता. वरून एक नियम लागला. एका वेळी एका यंत्राशी एकाच माणसानं बोलायचं. हा नियम कुणामुळे लागला हे भिंतीवर लिहिलं नव्हतं, पण वाचणारे हसत होते.

रविवारी सासुरवाडीला जेवण झालं. नॉबरावांचं पोट आता ठीक होतं. सासऱ्यांनी साडूंना ती ओळ वाचून दाखवायला सांगितली, लॅबमध्ये वाचली तशीच, उभं राहून. साडूंनी नको नको म्हणत वाचली. सासूबाईंना ती ऐकू आली नव्हती, म्हणून पुन्हा वाचली. सासरे म्हणाले, स्वतःचं नुकसान होण्याची शक्यता असताना खरं बोलायचं म्हणजे जिगर लागते. नॉबरावही तसंच बोलले होते, साडूंच्या आधी, मॅडमच्या केबिनमध्ये. पण त्यांनी ते उभं राहून वाचलं नव्हतं.

परत येताना बायको कोपरा वळल्यावर म्हणाली, "नोकरी राहिली. टेबल राहिलं. तुमचं म्हणणं खरं ठरलं, आणि ते खरं ठरवलं कुणी? त्यांनीच. आता तरी समाधान झालं?"

"झालं ना," नॉबराव म्हणाले.

घराच्या दाराशी नॉबराव थांबले.

"पण आवाज ऐकलास का त्याचा?" नॉबराव म्हणाले. "मर्यादेखाली म्हणताना कसा खाली नेला. मला नसतं जमलं."